दोन्हीकडून सपाट काठी

मोशीच्या सोनबा सुताराने १९५१ साली हॉकीची एक काठी केली आणि ती करताना त्याच्या हातून एक चूक झाली. ज्योतीराम सस्ते याच्याविषयी जे सांगायचे ते या चुकीपासूनच सांगावे लागते.

ज्योतीराम तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वडील नव्हते. इंद्रायणीच्या काठाला थोडी जमीन, तीन म्हशी आणि आई सोजराबाई एवढा त्याचा संसार. रोज पहाटे सायकलला दुधाच्या कासंड्या अडकवून तो भोसरी, दापोडीवरून खडकीला रतीब घालायला जाई. परतताना वाटेत पलटणीचे मैदान लागे. तिथे जवान सकाळी हॉकी खेळत. हा कुंपणाबाहेर सायकलवर बसूनच एक पाय जमिनीला टेकवून पाहत राही. रोजचा पाहणारा म्हणून एका जवानाने एक दिवस तडकलेली काठी कुंपणावरून त्याच्याकडे फेकली. ती चार महिने टिकली. मग तिचे टोक तुटले, आणि ज्योतीराम ते दोन तुकडे घेऊन सोनबाकडे गेला. अशीच एक बाभळीची करून दे म्हणाला.

सोनबाने हॉकी कधी पाहिली नव्हती. पण नांगरासाठी बाक असलेले लाकूड हेरून ठेवायची सवय सुताराला असतेच. तशी एक बाभळीची फांदी त्याच्याकडे वाळत पडली होती. त्याने तुकडे हातात घेऊन पाहिले. टोकाची एक बाजू सपाट होती आणि दुसरी गोलसर. सोनबा मोठा नेटका कारागीर. अर्धवट काम त्याने कधी कुणाच्या घरी पाठवले नव्हते.

"ह्यो साहेबलोकांचा सुतार कामचुकार दिसतोय," तो म्हणाला. "एक अंग रंधलं आन् दुसरं तसंच सोडलं."

त्याने आपल्या काठीची दोन्ही अंगे रंधून अगदी सारखी सपाट केली, तिला करडईचे तेल पाजले आणि ज्योतीरामच्या हातात दिली.

हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट का असते, हे त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हते. ज्योतीरामलाही नव्हते. तो चार-पाच वर्षे त्या काठीने एकटाच खेळला. सुगी संपली की खळे मोकळे होई. शेणाने सारवलेली ती टणक, गोल जमीन त्याचे मैदान. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला असतो. मळणीच्या वेळी बैल त्या खांबाभोवती फिरतात. ज्योतीराम त्याच तिवड्याभोवती चेंडू घेऊन फिरे. डावीकडून एक फेरी, मग उलट उजवीकडून. काठी दोन्हीकडून सपाट असल्यामुळे चेंडू कुठल्याही अंगाने ओढता येई. मनगट वळवायची गरजच नव्हती. शिवाय बाभळीची काठी चांगली वजनदार. तिने त्याचे हात एवढे पक्के झाले की सायकलवरून दोन्ही कासंड्या तो एकाच हाताने उतरवी.

मी १९५६ च्या जून महिन्यात पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो. बी.कॉम. होऊन पुण्यात एक वर्ष काढले होते. इथे मला टाइम ऑफिसात बसवले. खडकीचा रतीब बंद झाल्यामुळे ज्योतीराम त्याच पावसाळ्यात आमच्याकडे बदली कामगार म्हणून आला. दुरुस्ती खात्यात हाताखालची कामे करी. तिकीट नंबर ३१७. मोशीहून सायकलने येई आणि वेळेच्या आधी पाच मिनिटे खिडकीशी उभा असे. हे मला फार आवडायचे, कारण बदली कामगारांत असे थोडेच होते.

आमच्या फाटकावरचे जमादार अर्जुनराव हे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचे, चाळिशीचे, अजून अंगाने काटक. पलटणीच्या संघातून ते हॉकी खेळले होते. त्या वर्षी खडकीला कारखान्यांच्या, वर्कशॉपच्या आणि पलटणींच्या संघांचे सामने जानेवारीत व्हायचे होते, आणि आमच्या लेबर ऑफिसरांनी अर्जुनरावांना संघ बांधायला आणि स्वतःही त्यात खेळायला सांगितले. बदली कामगारांपैकी जे संघात टिकतील त्यांना मार्चमध्ये कमी करायचे नाही, असेही त्यांनी ठरवले. ज्योतीरामचे नाव मार्चमध्ये कमी होणाऱ्यांच्या यादीत होते. ती यादी मीच लिहिली होती, म्हणून मला माहीत.

नोव्हेंबरातल्या पहिल्या सरावाला तो सोनबाची काठी घेऊन आला. काठी पाहून सगळे हसले. कुणी म्हणाले, नांगर घरीच राहिला वाटतं. मग चेंडू त्याच्याकडे गेला, आणि हसणे थांबले. ताक घुसळताना रवी जशी उलटसुलट फिरते तसा चेंडू काठीच्या दोन्ही अंगांना लागत चालला होता, पण त्याचा आवाज मात्र एकसारखा, मधे खंड नाही. समोर आलेल्या गड्याला चुकवून तो पुढे गेला नाही. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, खळ्यात तिवड्याभोवती मारायचा तशी, आणि मग पुढे गेला. तो गडी उभ्या जागी वळून वळून पाहत राहिला. पहिली शिफ्ट सुटलेली होती. घरी निघालेली माणसे मैदानाच्या कडेला थांबली, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहायला आली.

अर्जुनराव टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हते. त्यांनी काठी मागून घेतली, टोकाच्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला आणि ती कुणी केली ते विचारले. मग त्यांनी ज्योतीरामला बाजूला नेऊन नियम सांगितला. चेंडू फक्त सपाट बाजूने मारायचा. काठीची पाठ लागली की शिट्टी. आणि दोन्हीकडून सपाट काठी तर कुठल्याच मैदानावर चालायची नाही.

ज्योतीराम त्या दिवशी माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. मग म्हणाला, "भाऊसाहेब, मी इतकी वर्सं कुंपणापल्याडनं बघत हुतो. ते लोक सारखी मनगटं फिरवायचे. मला वाटायचं, नखरा करत्यात."

लोक ज्याला त्याचा नखरा समजत होते तो त्याच्या लेखी साधा, सरळ खेळ होता, आणि जवानांचा सरळ खेळ त्याला नखरा वाटला होता. यात हसण्यासारखे काही आहे हे मला पुष्कळ नंतर जाणवले. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पाहून हसू येण्यासारखे नव्हते.

अर्जुनरावांनी त्याला नियमातली काठी दिली. त्या काठीने त्याला काहीच येईना. डावीकडे गेलेला चेंडू ओढायचा तर मनगट उलटे वळवून काठीचे टोक फिरवावे लागे, आणि त्याचा हात ते विसरे. पाठ लागे, शिट्टी होई. मैदानाच्या कडेला थांबणारी माणसे आता थांबेनात. खात्यातले लोक त्याला विचारू लागले, "काय ज्योतीराव, म्हैस आटली का?" तो मान खाली घालून हसे. पंधरा दिवसांनी अर्जुनरावांनी मला संघाची कच्ची यादी लिहायला सांगितली तेव्हा अकरावी जागा त्यांनी मोकळी ठेवायला लावली. नाव नंतर सांगतो म्हणाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ज्योतीराम टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला आणि त्याने गेटपास मागितला. कारखान्यातून कुठलीही वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. मी वस्तू विचारली. त्याने एक छोटी डबी पुढे केली. तिच्यात तळाशी निळा रंग होता.

हा रंग फिटर लोक वापरतात. शाफ्ट बेअरिंगमध्ये नीट बसतो की नाही ते पाहायचे असेल तर शाफ्टला हा रंग लावून तो आत फिरवतात. बेअरिंग जिथे घासते तिथे निळे डाग उठतात, आणि तेवढीच जागा मग खरवडून काढतात. रंग तेलकट असल्यामुळे लवकर वाळत नाही. ज्योतीराम फिटरच्या हाताखाली उभा राहून हे रोज पाहत होता. काठीच्या गोल अंगाला हा रंग लावायचा आणि चेंडूला चुना, असे त्याच्या मनात आले होते. पाठ कधी लागली ते हाताला कळत नाही, पण चेंडूवर दिसेल.

फिटरने डबी द्यायला हरकत घेतली नव्हती. मी पास लिहिला: निळा रंग, डबी एक, संपत आलेली. कारण: हॉकी. परत करण्याची. अर्जुनरावांनी फाटकावर तो पास दोनदा वाचला आणि सही केली.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी मी मोशीला गेलो. आमच्या घरी हुरडा हवा होता, हे एक निमित्त. ज्योतीराम खळ्यावर होता. त्या वर्षी खळे त्याने सुगीच्या आधीच तयार करून घेतले होते आणि तिवडाही रोवला होता. सकाळपासून त्याचे एकच काम चालले होते. तिवड्याभोवती अकरा फेऱ्या, मग थांबून चेंडू उचलून बघायचा, पुसायचा, पुन्हा चुना लावायचा, पुन्हा फेऱ्या. अकराच का, ते मी विचारले नाही. पहिल्या दिवशी चेंडू सगळा निळा झाला होता म्हणाला. मी पाहिला तेव्हा त्यावर पाच डाग होते. मनगट इतक्या झपाट्याने उलटत होते की काठीची कुठली बाजू कुठे आहे ते मला दिसेना.

सोजराबाई हुरड्याचे ताट घेऊन आल्या. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"ह्याचे हात बघा की. धार काढतोय तर म्हशीच्या सडालाबी निळं. आता दूधच निळं यायचं ऱ्हायलंय."

आम्ही खात असताना सोनबा आला. साठीचा माणूस, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. त्याने आल्या आल्या आपली काठी कुठे आहे ते विचारले, कारण ज्योतीरामच्या शेजारी दुसरीच पडली होती. ज्योतीरामने हातातला हुरडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "आबा, ती मॅचसाटी राखून ठेवलीया."

सोनबाला ते पटले. चांगली वस्तू सणासुदीलाच काढावी, असे तो म्हणाला, आणि मॅच पाहायला आपण खडकीला येणार हेही सांगून टाकले. तो गेल्यावर ज्योतीरामने ताट बाजूला सारले. एवढ्या वर्षांत गावात ज्याला-त्याला तो म्हातारा सांगत आला होता की साहेबाच्या सुतारापेक्षा माझी काठी बरी. त्याला कसं सांगू, असे ज्योतीराम मला विचारत होता.

जानेवारीत, सामन्याच्या चार दिवस आधी, अर्जुनरावांनी अकरावे नाव सांगितले. मी ते लिहिले.

सामना रविवारी दुपारी होता. समोर एका वर्कशॉपचा संघ, जुना, मुरलेला. पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार होते, भारदस्त मिशांचे, सगळ्या खडकीत सरळ म्हणून नाव असलेले. माझ्याकडे लिंबे, पाणी आणि खेळाडूंच्या पिशव्या सांभाळायचे काम होते. सोनबा भाजीच्या ट्रकमधून येऊन कडुलिंबाच्या झाडाखाली बसला होता. इतक्या दुरून कुणाच्या हातात कुठली काठी आहे ते त्याला दिसणे शक्य नव्हते.

पहिल्या दहा मिनिटांतच ज्योतीरामने आपली फेरी मारली. समोरच्या हाफबॅकच्या डावीकडून शिरला, मनगट उलटवून चेंडू ओढला, त्याच्याभोवती फिरून बाहेर पडला, आणि शिट्टी झाली. पंचांनी हाताने खूण केली: पाठ लागली. ज्योतीरामने चेंडू जागेवर ठेवला आणि मागे सरला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले. मग तिसऱ्यांदा. प्रेक्षकांत समोरच्या संघाची माणसे होती. ती ओरडू लागली की पोरगा पाठीने खेळतोय. मला खात्रीने काही सांगता येत नव्हते. इतक्या वेगात काठी फिरल्यावर कुणाला सांगता येईल?

मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. लेबर ऑफिसर अर्जुनरावांजवळ आले. कारखान्याचे नाव खराब होते आहे, असे त्यांचे म्हणणे. याला मागे उभा करा, आणि पुढच्या सामन्याला आणू नका. ते हळू बोलत होते, पण मी लिंबे वाटत तिथेच होतो आणि ज्योतीरामही चार पावलांवर होता. पुढच्या सामन्याला नाही म्हणजे मार्चनंतर कामावर नाही, हे आम्हा दोघांनाही कळले.

ज्योतीरामने माझ्याकडून आपली पिशवी घेतली, निळ्या रंगाची डबी काढली आणि बोटाने काठीच्या गोल अंगाला रंग चोपडला. मग तो सरळ पंचांकडे गेला. अर्जुनराव आणि मी त्याच्या मागोमाग.

"सुभेदारसाहेब," तो म्हणाला, "ह्या अंगाला निळं लावलंय. चेंडू पांढरा हाय. खेळ संपल्यावर बघा. माजी पाठ लागत असंल तर त्यो निळा हुईल. मग मी पुन्यांदा काठी धरायचा न्हाई."

सुभेदारांनी काठी हातात घेतली. रंगाला बोट लावून पाहिले, बोट रुमालाला पुसले. मग अर्जुनरावांकडे पाहून विचारले, हा आपल्या मनाने आला का? अर्जुनराव हो म्हणाले. सुभेदारांनी समोरच्या कप्तानाला बोलावून सगळे सांगितले, त्याची हरकत नाही असे त्याच्या तोंडून वदवून घेतले आणि नवा कोरा चेंडू मागवला.

"पण मला दिसलं तर मी शिट्टी मारणार," ते म्हणाले.

"मारा की," ज्योतीराम म्हणाला.

दुसऱ्या अर्ध्यात शिट्टी झाली नाही. ज्योतीराम हातचे राखून खेळेल असे मला वाटले होते. तो तसा खेळला नाही. त्याने फेऱ्या मारल्या, एकदा चेंडू समोरच्याच्या काठीवरून हलकेच उडवून पलीकडे घेतला, एकदा दोघांच्या मधून काढून मागे ओढला आणि दोघे एकमेकांवर आदळल्यावर शांतपणे पुढे गेला. त्याच धावेत त्याने चेंडू अर्जुनरावांना दिला आणि त्यांनी गोल केला. दोन-एक.

शेवटची आठेक मिनिटे राहिली होती. कडुलिंबाच्या झाडाच्या बाजूला चेंडू ज्योतीरामच्या काठीला होता, जवळपास कुणी नव्हते, आणि तो एकाएकी थांबला. चेंडू सोडून दोन पावले मागे सरला आणि पंचांकडे पाहत उभा राहिला. शिट्टी झाली नाही. समोरच्या हाफबॅकने चेंडू ताब्यात घेतला, लांब मारला, आणि आमच्या माणसांना भान येईपर्यंत गोल झाला. दोन-दोन. अर्जुनराव त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही. सामना बरोबरीत सुटला.

सुभेदार चेंडू घेऊन आमच्या बाकाशी आले. समोरचा कप्तान, लेबर ऑफिसर, सगळे गोळा झाले. त्यांनी चेंडू सावकाश फिरवत पाहिला. माती होती, गवताचा हिरवा डाग होता. मग ते थांबले. ज्वारीच्या दाण्याएवढा एक निळा ठिपका.

"हा एक आहे," ते म्हणाले.

"व्हय," ज्योतीराम म्हणाला. "त्या झाडापाशी लागली. हाताला कळलं. म्हणून चेंडू सोडला."

"मी शिट्टी मारली नव्हती."

"मारायला पायजे व्हती, साहेब."

सुभेदारांनी चेंडू आणखी एकदा फिरवला. दुसरा ठिपका नव्हता. मग ते लेबर ऑफिसरांकडे वळून म्हणाले, "मी तीन खोट्या वाजवल्या आणि एक खरी सोडली. चूक माझी लिहा. या मुलाला काढू नका." चेंडू त्यांनी ज्योतीरामच्या हातात दिला आणि काठी सोडायचे बोलू नकोस असे त्याला बजावून ते पुढच्या सामन्याला गेले. लेबर ऑफिसरांनी वाकून चेंडूवरचा ठिपका पाहिला. मग त्यांनी मला विचारले, फेरसामन्याची यादी तयार आहे का. मी म्हणालो, आहे, अकराच्या अकरा.

एवढ्यात सोनबा येऊन पोचला. तो सगळ्यांना सांगत आला होता की काठी माझी आहे. त्याने ज्योतीरामच्या हातातली काठी घेतली आणि लगेच त्याच्या लक्षात आले की ही आपली नव्हे. मग त्याने ती उलटून पाहिली. गोल अंग, त्यावर निळा रंग. ज्योतीरामने त्याला सगळे सांगितले. तिथेच, सगळ्यांसमोर, एकदाच. गोल बाजू मुद्दाम गोल असते. तिने खेळायचे नसते. आबांची काठी सुंदर आहे, पण मैदानावर चालत नाही.

सोनबा काठीवरून हात फिरवत राहिला. आता म्हातारा दुखावणार, असे मला वाटले.

"म्हंजी हे अंग रंधायचंच नव्हतं?" त्याने विचारले.

"न्हाई, आबा."

"मग आधी सांगायला काय झालं व्हतं? माझी आर्धी मेहनत वाचली असती."

अर्जुनराव इतका वेळ रागात होते, ते सगळ्यांत आधी हसले.

फेरसामना आम्ही एका गोलाने जिंकलो आणि त्यापुढच्या फेरीत पलटणीच्या संघाकडून चार गोलांनी हरलो. निळ्या रंगाची डबी ज्योतीरामने सोमवारी सकाळी आणून खिडकीतून आत ठेवली. ती रिकामी होती, पण पासावर 'परत करण्याची' असे लिहिलेले होते. मी पासावर शेरा मारून तो फाइलला लावला. मार्चच्या यादीतून ३१७ नंबर मीच खोडला.

ज्योतीराम पुढे फिटर झाला आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत कारखान्याकडून खेळला. त्याचे नाव खडकीबाहेर फारसे कुणाला माहीत नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो. त्याला अजून पाच वर्षे आहेत. संघात नवीन पोरगा आला की त्याला तो अजून आधी सोनबाची काठी देतो आणि दोन आठवडे मनाला येईल तसे, दोन्ही अंगांनी खेळू देतो. पोरे खूश असतात. मग एक दिवस ती काठी काढून घेतो, नियमातली देतो आणि डबीसाठी गेटपास मागायला माझ्या खिडकीशी येतो.